कळणं

दालमिलीच्या दारात आमचे आप्पा
पोत्यात परखी खुपसतात.
तळहातावर चार दाणे, एक दाढेखाली.
मग मान हलते, तेव्हा कुठे
पट्टा फिरतो.

मी जळगावच्याच टेकडीवर, थंड खोलीत,
पेशींच्या ताटातलं ल्यूसिन काढून बसलेय.
उपाशी पेशीत सेस्ट्रिन
खटका घट्ट धरून ठेवतं.
एक रेणू येऊन त्याच्या खोबणीत बसला
की ते ढकलत नाही, ओढत नाही,
नुसतं हात सोडतं.
वाढ आपली आपण सुरू होते.

रात्री कळण्याची भाकर, ठेचा.
"काय शोधस व तठे?"
म्हटलं, आलेलं अन्न आधी कुणाला कळतं, ते.
आप्पा बोलले नाहीत.
घास अजून दाढेखालीच होता.