मंगळवारची विधवा

दर मंगळवारी दुपारी तीन वाजता मी श्रीमती लाहदेन्माकी असते.
राहणार टाम्पेरे, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
कार्डावर एवढंच: विधवा. देवावर रुसलेली.
खोली मात्र प्रोव्होतली, प्रशिक्षण केंद्राच्या तळमजल्यावर.
सोफा खरा, कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं,
खिडकीच्या जागी पडदा, पडद्यामागे भिंत.

ते बाहेर घसा खाकरतात, मला ऐकू येतं.
दार कोणी वाजवायचं यावरून ढकलाढकली.
मग टकटक.

एल्डर टिंगी. एल्डर फालेओलो.
एल्डर म्हणजे वडीलधारा.
या वडीलधाऱ्यांच्या हनुवटीवर ब्लेडचे ताजे काप,
शर्टावर दुकानातल्या घडीच्या रेषा,
खिशावर काळी पट्टी, तिच्यावर फक्त आडनाव.
पहिलं नाव आई हाक मारायची, ते आईकडेच राहिलं.

माझ्या भाषेत पंधरा विभक्ती.
घरात, घरातून, घरावर, घरावरून,
प्रत्येकीला वेगळं शेपूट.
‘विना’लासुद्धा एक विभक्ती आहे, हे ऐकून
टिंगीने पहिल्या आठवड्यात पेन खाली ठेवलं होतं.
आता पाचवा आठवडा. जेवणाच्या रांगेत ट्रे धरून घोकतात,
इस्त्री फिरवताना घोकतात,
फालेओलो झोपेत बरळतो म्हणे, ते मात्र अजून सामोअनमध्ये.

आमच्याकडे पाहुण्याला नाव विचारण्याआधी कॉफी ठेवतात.
यांना ती वर्ज्य.
म्हणून मी रिकामा कप पुढे करते
आणि नाही म्हणायला शिकवते, समोरची बाई दुखावणार नाही असं.
थंडी सोसाल, सांगते त्यांना,
हे रोज दारोदारी सोसणं जड जाईल.

फेब्रुवारीत टाइस्टो गेला.
ऑफिसातली मुलगी म्हणाली, कार्ड बदलून देऊ का?
तुम्हाला बसचालक करू, ग्रंथपाल करू.
मी म्हटलं, राहू दे. पाठ आहे.

आज टिंगीला विचारायचं होतं,
‘तुमच्या नवऱ्याविषयी सांगा.’
शेपूट चुकलं. म्हणाला,
‘तुमच्या नवऱ्यात सांगा.’

मी दुरुस्त केलं नाही.
नवऱ्यात सांगितलं.
की बाप्तिस्मा घेतल्यावर चाळीस वर्षं
तो गॅरेजमध्ये लपून कॉफी प्यायचा,
साखरेचा खडा दातांत धरून, बशीतून,
आणि मला कळत नाही असं समजायचा.
मी दर शुक्रवारी नवा डबा आणून रंगाच्या डब्यांमागे ठेवायची,
तो कोण ठेवतं हे त्याने कधी विचारलं नाही.

फालेओलो हसला. मोठ्याने. मग घाबरून तोंडावर हात.
कार्डावर हे नव्हतं, हे त्यांना कळलं असावं.

टिंगीच्या मांडीवर पाठ केलेला कागद होता.
तो त्याने उलटा ठेवला.
त्याला मला काहीतरी वचन द्यायचं होतं,
आणि माझ्या भाषेत भविष्यकाळ नाही.
उद्याचं सगळं आम्ही आजच्याच क्रियापदात उरकतो.
तो छताकडे बघत राहिला, कान लाल,
हरवलेला पाना शोधावा तसा
बापाच्या ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानात.
शेवटी होतं तेच उचललं.
म्हणाला,
‘तुम्ही त्याला भेटता.’

भेटाल नाही. भेटता.
व्याकरण अचूक.

पडद्यामागच्या भिंतीकडे मी थोडा वेळ पाहिलं.

नंतर शेऱ्यांचा कागद भरायचा असतो.
उच्चार, नजर, शब्दसंग्रह.
माझा विश्वास बसला का, असा रकाना नाही, बरं आहे.
मी लिहिलं: एल्डर टिंगी, विभक्तींकडे लक्ष द्या.
‘भेटता’मधला दीर्घ स्वर
अजून थोडा लांबवा.

बाहेर पुढची जोडी घसा खाकरत होती.