अंगावरून

सोहारच्या या तिसऱ्या मजल्यावर
फ्रिजवरचं कॅलेंडर एका चौकटीत दोन तारखा दाखवतं,
एक सूर्याची, एक चंद्राची.
माझं अंग दोन्ही मानत नाही.

रेवाला पाचवा महिना लागला.
आधी बेचाळीस दिवस गेलं, मग थांबलं.
उरलेलं पॅडचं पाकीट मी स्टुलावर चढून
वरच्या फळीवर टाकलं.
अकराव्या दिवशी परत स्टूल.
मग नुसता डाग, चहाच्या बशीखाली उमटतो तसा,
मग काहीच नाही,
मग मासळीबाजारात, सुरमई तोलून होते तोच,
ऊन ऊन.
तो विचारत होता, कापून देऊ?
मी मांड्या आवळून म्हटलं, हो. बारीक.

आई फोनवर, तिच्या दीड तास पुढच्या संध्याकाळीतून:
"अंगावरून अजून जातंय?"
जातंय गं, पण चप्पल विसरल्यासारखं
परत येतंय.
ती हसत नाही. हळीव भिजव म्हणते.

शेजारच्या साबेराभाभी श्रीवर्धनच्या.
त्यांनी अर्धी कोरी वही दिली.
पुढच्या पानांवर त्यांच्याच जुन्या खुणा,
कुठल्या दिवशी नमाज, कुठल्या दिवशी सुट्टी.
"लिही. डाक्टरीण पयलं तेच विचारील."

विचारलंच. शेवटची पाळी कधी?
मी वही उघडून वाचत गेले, तोडक्या इंग्रजीत:
लाल. थोडं. नाही. तपकिरी. ह्यांना नाईट. नाही.
रेवा पालथी पडली. लाल.
डॉक्टर इल्हामनी पेन थांबवलं.
कुठल्या कुशीवरून? म्हणाल्या.
डाव्या.
तेही त्यांनी लिहून घेतलं.

आत काही राहिलेलं नाही, मशीनने पाहिलं.
पाजतेस ना, मग घड्याळ असंच चालायचं.
लोहाच्या गोळ्या घे.
तासाला एक पॅड भिजू लागलं तर मात्र
रात्र बघू नकोस, ये.

जूनमध्ये इथे गार नळालाही कढत पाणी येतं,
आणि कढत पाण्यात रक्ताचा डाग शिजतो, बसतो.
म्हणून गॅलरीत एसीच्या नळीखाली
मी बादली ठेवते.
रात्रभर थेंब थेंब.
पहाटे ती अर्धीच भरलेली असते,
कधी तेवढीही नाही.
पायजमा आधी. मग रेवाचं झबलं,
त्यालाही डाग आहे, दुधाचा,
तो मात्र निघत नाही.