हल्ली

अशोक चौकाच्या मागे, मागाच्या शेडवर आमची खोली.
दोन कॉट, एक टेबल,
पाचाखालचे आकडे विसरलेला पंखा.
मांजर चालणार नाही, कुत्रं तर नाहीच,
असं राजव्वा येमूल डिपॉझिट मोजतानाच म्हणाल्या होत्या.
सरपटणाऱ्यांचं काही बोलल्या नव्हत्या.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर मी हिशेब मांडला.

ठिपक्यांची, बिबट्याच्या कातडीची, परदेशी पाल:
शांत असते, डोळे मिचकावते,
पण तिला जिवंत अळ्या लागतात, डब्यात, गारव्याला,
आणि आमच्याकडे गारवा म्हणजे माठाखालची ओली फरशी.
दाढीवाला सरडा: त्याला काचेची पेटी,
पेटीवर खास दिवा, दिवसाला दहा तास.
सबमीटर जिन्याखाली,
युनिटला बारा रुपये, राजव्वांच्या पाढ्याने.
दुकानदार म्हणाला, ताई, त्याला ऊन लागतं.
मे महिना. नवी पेठ. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं,
आणि हा माणूस मला
सोलापुरात ऊन विकत होता.

इग्वाना: तिसऱ्या वर्षी माझ्याएवढा,
मग भाडं तिघांत करा.
शिवाय नोंदणी, कागदपत्रं.
माझाच रहिवासी दाखला करमाळ्यात अडकलाय अजून.
इथल्या घोरपडीला तर कायद्याने हातच लावायचा नाही.
ते बरंच आहे, तिच्यासाठी.

किती जगते, मी विचारलं, ती ठिपक्यांची?
सांभाळली तर वीस वर्षं.
वीस!
मी एकोणीसची आहे.
आणि दिवाळीच्या सुट्टीत कोण बघणार,
हे त्यानेच विचारलं, विकणारा असून.

त्या रात्री शंकेची पाल मनात चुकचुकणार,
तेवढ्यात खरीच चुकचुकली
ट्यूबलाइटच्या मागून.

हल्ली, भाग्यश्री म्हणाली.
हल्ली काय?
अगं हल्ली, हल्ली! ती भिंतीकडे बोट करून.
अक्कलकोटच्या पलीकडचं तिचं गाव, घरात कन्नड.
नळ आल्याची वर्दी द्यायला राजव्वा वर आल्या,
बघून म्हणाल्या, बल्ली.
मी म्हणाले, पाल.
एवढ्याशा जिवाला तीन नावं,
आणि तिने एकीलाही ओ दिली नाही.

शहराला पाणी पाचव्या दिवशी, तिला चालतं.
डास खाते, पतंग खाते,
परीक्षेच्या रात्री माझ्याबरोबर जागते
आणि काहीही विचारत नाही.
सकाळी खालचे माग सुरू झाले
की भिंत थरथरते, तांब्यातलं पाणी थरथरतं,
ती धरून असते.

एकदा राजव्वांनी झाडू मारलाच.
ती निसटली कपाटामागे,
शेपूट फरशीवर, एकटंच वळवळत,
जणू त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
आवाज ऐकून येमूल काका वर आले.
बसले उकिडवे. बराच वेळ बघत राहिले.
उजवा हात गुडघ्यावर होता,
तीन बोटांचा, चादरींच्या मागावर
बत्तीस वर्षं काढलेला.
येतं परत, ते म्हणाले.
मग थोडं थांबून:
हिचं.

कुणी काही बोललं नाही.
राजव्वांनी झाडू उभा करून ठेवला दाराआड,
आणि त्यानंतर तो तिच्यावर उचलला नाही.

आता मी लांबूनच मापते, हवेत पट्टी धरून.
अर्ध्या इंचाहून जरा जास्त.
आधीपेक्षा फिकट, आखूड, गुळगुळीत,
घाईत शिवलेल्या ठिगळासारखं.
नाव ठेवलेलं नाही. पेटी नाही. दिवा आहे तोच, चाळीस वॅटचा.
ती माझी आहे असं म्हणता येणार नाही,
खोलीही माझी नाही.

रविवारी आईचा फोन.
काय गं, हल्ली कशी आहे तब्येत?

बरी आहे हल्ली, मी म्हणाले,
शेपूट येतंय.