सांधणी

मल्लेशम येमूलची कातडी,
चार मिलिमीटर, गुलाबी-जांभळी,
दुपारी साडेतीनला माझ्या भिंगाखाली आली.
नाव वाचलं, आणि फोकस फिरवायची थांबले.

भद्रावती पेठेत आमच्या मागावर
बीम संपला की हाच यायचा.
जुन्या ताण्याचं टोक, नव्याचं टोक,
अंगठ्याला राख लावून पीळ.
चोवीसशे धागे, एका बैठकीत,
मध्ये एकदाच चहा, तोही बशीत.
"दिसली तर ती गाठ कसली?"
म्हणायचा, आणि उरलेलं तेलुगूत हसायचा.

पेशींचंही असंच असतं.
पाणी झिरपू नये तिथे
कडेला कड शिवल्यासारखी, फट नाही.
थोडं खाली बटणांसारखे ठिपके,
दोन्हीकडून आतल्या दोरांना बांधलेले;
हिसका बसला तर एकटीला बसत नाही,
सगळी पेठ तो वाटून घेते.
आणि कुठे कुठे सामाईक भिंतीतच भोक:
शेजारणीनं वाटीभर मीठ न्यावं
तसे क्षार इकडून तिकडे.
हिशेब कुणी ठेवत नाही.

मल्लेशमच्या काचेत बटणं तुटलेली.
जंतूनं नाही, विषानं नाही.
त्याच्याच रक्ताला
त्याच्याच गाठी परक्या वाटल्या.
सुटलेल्या पेशी गोल झालेल्या,
फोडाच्या पाण्यात एकेकट्या.
तळाची एक रांग मात्र
जमीन धरून उभी.
पुस्तकात तिला थडग्यांची रांग म्हणतात.
मला ती माग विकल्यावर
भिंतीला टेकून राहिलेली फणी वाटली.

हे रिपोर्टात लिहीत नाहीत.
निदान लिहिलं, सही केली.

संध्याकाळी वॉर्डात गेले.
चादर पाठीला चिकटते म्हणून
त्याला केळीच्या पानांवर निजवलेलं.
चादरीच्या गावात.
सरव्वानं विचारलं, "बाहेरचं काय लागलं ह्यांना?"
बाहेरचं नाही, मी म्हटलं.
ती बराच वेळ पानाची शीर चोळत राहिली.
"मग शिव्या कुणाला द्यायच्या, ताई?"

गोळ्या सुरू झाल्यात. आठवडे लागतील,
कदाचित महिने; मी खोटं बोलले नाही.

तोंडभर फोड, त्याला बोलता येत नव्हतं.
सोललेला अंगठा उचलून
माझ्या ॲप्रनच्या बाहीकडे दाखवला:
एक दोरा सुटून लोंबत होता.
मी तो तोडायला गेले.
त्यानं मान हलवली. नाही.