गौण पात्र

फळ्यावर तीन रकाने आखले:
कथानक, पात्रे, मध्यवर्ती कल्पना.
पिसुर्ल्याच्या शाळेत फेब्रुवारीतल्या शेवटच्या तासाला
पंखा फिरतो तो नुसता आवाजापुरता,
आणि खिडकीबाहेर खाणीचा ढिगारा,
त्यावर आता अकेशिया माजलाय नि शेळ्या चरतात.

दहावीची उजळणी. धडा सातवा.
गोष्ट जुनी, अडीच पानांची.
कथानक सांगा, म्हटलं, तर एका सुरात:
भागीरथीने दुष्काळात शेजारणीकडून पायलीभर तांदूळ नेले,
तीस वर्षांनी फेडायला आली
तेव्हा शेजारीण वारली होती,
मुलगा घेईना, सून दार लोटू लागली,
मग तिने ते उंबऱ्यावर ओतले आणि ती चालू लागली.
चिमण्या आल्या. समाप्त.
(समाप्त हेही म्हणतात, छापलंय म्हणून.)

मुख्य पात्र भागीरथी. गौण: मुलगा, सून.
स्वभाव: स्वाभिमानी, कष्टाळू, करारी,
तिन्ही विशेषणं गाइडातली, गाइडातल्याच क्रमाने.
मध्यवर्ती कल्पना? प्रामाणिकपणा, टीचर.
चार गुण. मी मान डोलावली.
उत्तर मीच लिहून दिलं होतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या बाकावरून दत्तेश गावस,
जो वर्षभर हजेरीपुरताच बोलला,
म्हणाला, आणि ती शेजारीण?

ती मेली रे, कुणीतरी हसलं. तिला नावसुद्धा नाही.

पूण तिणें केन्नाच मागलें ना,
घरची भाषा निसटली त्याच्या तोंडून,
मग सावरून, पुस्तकी मराठीत:
तीस वर्षे समोरासमोर दारं, टीचर.
विहिरीवर रोज भेटत असणार.
काय बोलत असतील?

मी धडा पुन्हा उघडला, वर्गासमोरच.
शेजारणीच्या वाट्याला एक वाक्य आहे, पहिल्या पानावर तळाशी,
"सपाट कशाला, शीग लावून ने."
अकरा वर्षं शिकवतेय हा धडा.
भागीरथीने फेडले ते सपाट की शिगेने,
लेखकाने सांगितलेलं नाही,
आणि मी कुणाला विचारलेलं नाही.

दत्तेशच्या अंगणात बापाचा ट्रक उभा आहे,
त्याच्या टपावर दुधीचा वेल चढलाय.
नाक्यावर उस्मानभाईंचं दुकान, लाल कापडी बांधणीची वही,
त्यातली काही पानं ते उलटतच नाहीत म्हणे.
हे मला ठाऊक आहे, वर्गाला ठाऊक आहे,
म्हणून मग कुणी हसेना.

मला मात्र भलतीच आठवण झाली,
म्हापशाचं होस्टेल, खोली नंबर नऊ,
क्लेमेंतीना कुलासो, जिने माझी परीक्षेची फी भरली,
तीनशे ऐंशी रुपये,
आणि पुढे वर्षभर माझ्याच ताटातलं लोणचं
हक्काने उचलत राहिली,
जणू देणं तिचंच होतं.
कुवेतला गेली. पत्ता होता माझ्याकडे. अजूनही असेल
कुठल्या तरी वहीत.

गौण पात्रांखाली मी लिहिलं: शेजारीण.
मुलांनी उतरवून घेतलं, काहींनी स्पेलिंगसारखं जपून.
दत्तेशने विचारलं,
हे पेपरात लिहिलं तर गुण मिळतील?

काय सांगणार.
आधी गाइडातलं लिही, म्हटलं, पूर्ण लिही.
खाली जागा उरली तर हे.
त्याने मान हलवली, आणि पहिल्यांदाच
माझ्याकडे असं बघितलं, की त्याला मी कळले होते.
बेल झाली ते बरं झालं.

साखळीची बस. खिडकी लाल धुळीने गच्च.
तिकिटाला दोन रुपये कमी पडले,
पर्स उलटीपालटी केली, पदराला हिसडा दिला.
फाल्यां दी गो बाय, म्हणत कंडक्टर पुढे सरकला,
पावती फाडत, शीळ घालत.

रोज याच बसला असतो तो.
मागायचा नाही.