चुन्याची रेघ

ड्रोन येणार म्हणून सरपंचीणबाईंनी
घरोघरी चुना वाटला, किलो-किलो:
आपापली हद्द आखून ठेवा.

उत्तरेला तलाव, पाळीखाली ढिवरांची नऊ घरं.
दक्षिणेला धानाच्या बांध्या, मग झुडपी जंगल,
ते कागदावर कुणाचं, अजून ठरायचं आहे.
मधे एकशे सदतीस माणसं,
त्यातली चौदा सध्या नागपुरात, सळाखी वाकवायला.

रेघा निघाल्या गोठ्यांना वळसे घालत
आणि सुगंधाबाई उईके, रेवाराम शेंडे
यांच्यातल्या मोहाशी अडल्या.
झाड कुणी लावलं, माहीत नाही.
फुलं ज्याच्या आंगणात पडतील त्याची,
वारा करेल तो हिशेब.
हे ठरलेलं, पण कधी बोललेलं नाही.

रेवाराम म्हणाला, बुडाच्या इकडून ओढू?
ओढ नं बापा, सुगंधाबाई म्हणाली,
पण उद्या पहाटे माही टोपली उचलून द्याले
कोणत्या बाजूनं येशील?

ड्रोन आला, गांधीलमाशीसारखा घोंगावला, गेला.
पोरं त्याच्यामागं पाळीपर्यंत धावली.

नकाशात त्या जागी
रेघ तुटलेली आहे, दोन हातभर.
उरलेला चुना त्यांनी
मोहाच्या बुडाला फासला,
वाळवी लागू नये म्हणून.