पहिला थांबा

आजोबा दापोडीत सायकलच्या चाकावर
कात्र्यांना धार लावायचे.
मी भोसरीत, एमआयडीसीतल्या एका दुसऱ्या मजल्यावर,
धार मोजतो.
धार कसली, एखाददुसरा थेंब,
कधी थेंबाचा पन्नासावा हिस्सा.
पाहुणे विचारतात, शिकलगार, सध्या काय चाललंय?
मी म्हणतो, पाणी तोलतो.
दूधवाल्याचा धंदा, म्हणतात, आणि हसतात.

खोली चौदा बाय दहा. पंखा नाही.
तराजूला काचेचं घर.
नुसता बोललो तरी शेवटचा आकडा हलतो,
म्हणून बोलत नाही.
गुरुवारी वीज नसते, तेव्हा बोलून घेतो.

ही पिपेट आली कर्वे रोडच्या एका पॅथॉलॉजीतून.
तिथे पहिल्यांदाच ऑडिट लागलं होतं.
मुठीवर चिकटपट्टी, तीवर बॉलपेनने:
ढमढेरे. हात लावू नये.
मी हात लावला.
शंभर मायक्रोलिटरवर ठेवून दहा वेळा पाणी सोडलं.
दहाही वेळा अठ्ठ्याण्णवच्या जरा खाली.
चूक होती, पण एकनिष्ठ.
किल्लीने पाव फेरा दिला.
शिक्का, सही, पुढच्या वर्षीची तारीख.

आठवड्याने बाई स्वतः आल्या,
काखेत हेल्मेट, तोंडात नाशिक फाट्याच्या नावाने शिव्या.
वत्सला ढमढेरे. बावीस वर्षं सिरम.
"काय केलंत हिला? जास्त सोडते."
"आधी कमी सोडत होती."
"कोण म्हणतं?"
"तराजू."
"बावीस वर्षांत माझा एक रिपोर्ट परत आलेला नाही,
विचारा तुमच्या तराजूला."

खुर्ची दिली. म्हटलं, दाखवा.
त्यांनी टिप बसवली, एकदा भिजवून घेतली,
ओठ मिटले
(हे मला आवडलं).
अंगठा खाली गेला, पहिल्या थांब्यापाशी पोचला
आणि थांबला नाही.
केसभर पुढे गेला. नखाच्या कडेइतका.
मग टिप पाण्यात बुडाली, अंगठा सावकाश वर आला.
एकशे दोन.
एकशे दोन.
एकशे दोन पूर्णांक एक.

मी किल्ली घेतली. पाव फेरा, उलटा.
आता करा.
शंभर.
शंभर.
शंभर.

दोघंही आकड्याकडे बघत बसलो.
पिपेटची खोट अंगठ्याने कधी भरून काढायला घेतली
हे बाईंना माहीत नव्हतं.
अंगठा त्यांना बोललाच नव्हता.
घरातल्या दोघांनी एकमेकांचं झाकत राहावं
आणि वाण्याचा हिशेब दर महिन्याला चोख निघावा, तसं.

प्रमाणपत्रात रकाने आहेत:
मॉडेल, अनुक्रमांक, तापमान, आर्द्रता.
अंगठ्याला रकाना नाही.
आजोबांचा सगळा दाखला अंगठ्याचाच होता,
पात्यावर आडवा फिरवायचे
आणि गिऱ्हाइकाकडे न बघता कात्री पुढे करायचे.

"राहू दे अशीच," बाई म्हणाल्या,
"मार्चात सुटतेच आहे मी."
"मग नापास लिहावं लागेल."
"लिहा की."
नंतर बराच वेळ काही नाही.
तराजू इतका स्थिर मी क्वचित पाहिलाय.
"माझ्या जागी एक पोरगी येतेय, सासवडची.
तिचा अंगठा थांब्यावर थांबतो.
बघितलंय मी."
आणि किल्ली बोटाने माझ्याकडे सरकवली.

पाव फेरा. सुलटा.
त्या नखाने चिकटपट्टी सोलत होत्या.
पट्टी मध्येच फाटली.
नाव निघालं.
हात लावू नये, तेवढं मुठीवरच राहिलं.

त्या गेल्यावर लक्षात आलं,
तराजूतल्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहिलं.
त्यांनी सोडलेले शेवटचे शंभर
अजून आकड्यात होते
आणि शेवटच्या घरातून एकेक करून
हवेत जात होते.
शून्याचं बटण बोटाखालीच होतं.
खाली कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.
मी काही दाबलं नाही.